घरची लॅमिनेशन मशीन: काय घालायचं आणि काय अजिबात नाही

ए-फोर आकाराची घरगुती लॅमिनेशन मशीन आता दोन-अडीच हजारांच्या आसपास घरपोच मिळते. ती आली की पहिल्याच दिवशी काय होतं ते जवळजवळ ठरलेलं आहे. कपाटातली कागदपत्रांची फाईल बाहेर निघते आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "चला, सगळंच एकदाचं पक्कं करून टाकू." दहावीची मार्कशीट, जन्माचा दाखला, आजोबांचा शाळेचा दाखला, सगळं रांगेत लागतं.

तिथेच थांबा. मशीन भारी आहे, वाद नाही, आणि तिचे वापर दुकानात सहसा कुणी सांगत नाही इतके आहेत. पण लॅमिनेशनला 'अनडू' नाही. कॉम्प्युटरवर फाईल बिघडली तर कंट्रोल-झेड दाबता येतं, इथे एकदा कागद रोलरमधून गेला की गेला. म्हणून मी एकच नियम पाळतो: मशीनमध्ये फक्त तेच घालायचं जे पुन्हा प्रिंट करता येतं.

आत नेमकं होतं काय?

पाऊच म्हणजे दोन पारदर्शक पत्रे. बाहेरचा थर पॉलिएस्टरचा, म्हणजे पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची असते तेच. आतल्या बाजूला ईव्हीए नावाचा, उष्णतेने मऊ होणारा गोंद. मशीनमधले गरम रोलर साधारण १०० ते १३० अंशांवर हा गोंद वितळवतात आणि दाबून कागदाच्या धाग्यांत घुसवतात. गार झाला की तो तिथेच घट्ट बसतो. कागद आता पाऊचच्या 'आत' ठेवलेला नसतो, पाऊचचाच भाग झालेला असतो. नंतर पाऊच सोलायला गेलात तर वरचा कागदाचा पापुद्रा शाईसकट निघून येतो.

पाकिटावर ८०, १२५, २५० असे मायक्रॉनचे आकडे असतात. बहुतेक वेळा हा आकडा एका बाजूच्या पत्र्याचा असतो. १२५ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. घरच्या कामाला १२५ पुरे. २५० चा पाऊच पत्त्यासारखा कडक होतो, पण स्वस्त मशीनला तो झेपतोच असं नाही. आधी मशीनच्या खोक्यावर कमाल मर्यादा बघा.

आजोबांचा दाखला का नको

आता मुद्द्याचं. वर्धा जिल्ह्यात, आर्वी असो की हिंगणघाट, बारावीनंतर इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी ठरावीक तारखेच्या आधीचे पुरावे शोधावे लागतात. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. म्हणजे घरातला सगळ्यात जुना, सगळ्यात पिवळा, घड्यांवर फाटत आलेला कागद हाच सगळ्यात कामाचा कागद. आपल्याकडे तर गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांतात आणि मग जुन्या मध्य प्रदेशात होता, त्यामुळे कोतवाल बुकाच्या नकला, जुन्या शाळांचे दाखले असा वेगळाच कागद घराघरांत सापडतो.

असा कागद 'जपायचा' म्हणून लॅमिनेट करणं म्हणजे त्याची तपासणी अवघड करून ठेवणं. शाई कुठली, खाडाखोड आहे का, शिक्का कागदात उमटला आहे की वरून छापला आहे, हे बघायला कागदाचा पृष्ठभाग उघडा लागतो. प्लास्टिकखाली तो चकाकतो आणि स्कॅन करताना बरोबर नावावरच उजेड पडतो. उमटवलेला शिक्का रोलरच्या दाबाने सपाट होतो. घडीवर तडकलेला जुना कागद तर रोलरमध्ये सरकू शकतो, आणि एकदा वाकडा चिकटला की कायमचा वाकडा. माझ्या एका मित्राच्या घरी आजोबांचा चौथीचा दाखला असाच एका दुकानातून लॅमिनेट करून आणला होता. घडीवरची जन्मतारीख नेमकी सुरकुतीत अडकली. शेवटी गावच्या शाळेत जाऊन दाखल-खारीज रजिस्टरचा नवा उतारा काढावा लागला. तेवढं रजिस्टर शाळेत जागेवर होतं म्हणून निभावलं.

तुमच्या घरी असं आधीच झालं असेल तर इस्त्री, हेअर ड्रायर, थिनर असले यूट्यूबवरचे प्रयोग मूळ कागदावर करू नका. मूळ नोंद ज्या रजिस्टरमध्ये आहे तिथून, म्हणजे शाळा, ग्रामपंचायत किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून, साक्षांकित नक्कल मागा. लॅमिनेट झालेला कागद फेकू मात्र नका. त्यावरचा अनुक्रमांक नक्कल शोधायला कामी येतो.

परदेशी शिकायला जायचा विचार असेल तर डिग्री आणि मार्कशीटचंही तेच. परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल म्हणजे एक स्टिकर, आणि तो मूळ कागदाच्या मागे चिकटवतात. प्लास्टिकवर चिकटवून काय उपयोग? आणि जन्माच्या दाखल्यापासून खरेदीखतापर्यंत, ज्या कागदावर पुढे कधी शिक्का, सही किंवा शेरा बसू शकतो, तो कागद उघडाच राहायला हवा.

आधारचं काय, हा प्रश्न हमखास येतो. डाउनलोड केलेलं आधार, पोस्टाने आलेलं पत्र, फोनमधलं आधार ॲप आणि यूआयडीएआयने २०२० मध्ये सुरू केलेलं पीव्हीसी कार्ड, सगळे सारखेच वैध आहेत. म्हणून डाउनलोड केलेल्या आधारची प्रिंट खुशाल लॅमिनेट करा, खराब झाली तर पुन्हा काढता येते. डिजिलॉकरमध्ये संस्थेने थेट दिलेली कागदपत्रं २०१७ पासून मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जातात. ऑनलाइन काढलेला डिजिटल सहीचा सातबाराही याच गटात येतो, कारण त्याची खरी ओळख त्यावरच्या पडताळणी क्रमांकात आहे.

मग जुना कागद ठेवायचा कसा?

गंमत म्हणजे जुन्या कागदांना प्लास्टिक लावायची पद्धत एकेकाळी मोठमोठ्या अभिलेखागारांत चालायची. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी १९३० च्या दशकात सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म उष्णता आणि दाब देऊन कागदावर बसवायला सुरुवात केली. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने १९५० च्या दशकात याची हाताने करायची पद्धत काढली: फिल्म, वरून पातळ टिश्यू कागद, आणि मशीनच्या जागी ॲसिटोनचा बोळा. उष्णता नाही, महागडी यंत्रणा नाही, आणि ॲसिटोननेच ते पुन्हा सोडवता येतं. त्यांनी अनडू ठेवला होता! तरी पुढे जगभरातले तज्ज्ञ या सगळ्या प्रकारापासून लांब गेले आणि वेगळ्या युक्तीकडे वळले. कागद दोन पॉलिएस्टर पत्र्यांच्या मध्ये नुसता ठेवायचा, गोंद कागदाला लागूच द्यायचा नाही, चिकटवायच्या त्या फक्त कडा.

हे घरी करता येतं, तेही याच मशीनवर. दोन रिकामे पाऊच, आत काहीही न ठेवता, मशीनमधून काढा. तुमच्याकडे दोन कडक पारदर्शक पत्रे तयार झाले. गोंद आत बंद झाला, बाहेर दोन्हीकडून फक्त पॉलिएस्टर. ते पूर्ण गार होऊ द्या. आता एका पत्र्यावर जुना कागद ठेवा, कागदापासून सेंटिमीटरभर लांब दोन बाजूंना दुहेरी चिकटपट्टी लावा आणि वर दुसरा पत्रा बसवा. उरलेल्या दोन बाजू मोकळ्या सोडा. जुन्या कागदात आम्ल असतं, पूर्ण कोंडलं तर तो उलट लवकर खराब होतो, म्हणून हवेला वाट हवी. ए-फोर पाऊचमध्ये ए-फोर कागदाभोवती पट्टीला पुरेशी जागा उरत नाही, पण जुने दाखले बहुतेक लहान असतात. मोठ्याला एक माप मोठा पाऊच घ्या, आणि तो तुमच्या मशीनमध्ये जात नसेल तर स्टेशनरीच्या दुकानातला साधा क्लिअर फोल्डर घ्या. मऊ, वास येणारं, चिकट लागणारं पीव्हीसीचं कव्हर टाळा. त्याला काही वर्षांत शाई चिकटते.

कागद पाकिटात घालायच्या आधी फोनवर दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. फ्लॅश बंद, खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात. ही स्कॅन कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून विसरू नका, व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

हे घातलं तर काळं होतं

थर्मल कागद. दुकानाचं बिल, एटीएमची स्लिप, बऱ्याच काट्यांवर मिळणारी वजनाची पावती, ईसीजीची पट्टी आणि सोनोग्राफीचा छोटा फोटो, हे बहुतेक थर्मल कागदावर असतात. त्यात शाई नसतेच. कागदावरच्या लेपाला उष्णता लागली की तो काळा पडतो. लॅमिनेशन मशीन म्हणजे नुसती उष्णता. आत पांढरा जातो, बाहेर काळा कुळकुळीत येतो. बाळाचा पहिला सोनोग्राफीचा फोटो आठवण म्हणून असा घालणारे लोक आहेत, म्हणून मुद्दाम सांगतोय. ओळखायचं सोपं आहे: कोपऱ्यावर नखाने जोरात रेघ ओढा. काळी किंवा करडी रेघ उमटली तर थर्मल. त्याचा फोटो काढा, साध्या कागदावर प्रिंट घ्या आणि ती प्रिंट लॅमिनेट करा. तशीही थर्मल पावती वॉरंटी संपायच्या आधीच पुसट होते, आणि वर्ध्याच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवली तर त्याच्याही आधी.

आता मजेचा भाग

सगळ्यात कमी लेखलेला वापर म्हणजे पाटी. चौकटी आखलेला कोणताही कागद लॅमिनेट केला की त्यावर व्हाइटबोर्ड मार्करने लिहून पुसता येतं. अभ्यासाचं वेळापत्रक, दूधवाल्याचा हिशोब, आठवड्यागणिक दिवसाचं रात्री होणारं शेतीपंपाच्या थ्री-फेजचं वेळापत्रक. मी फ्रिजवर एक ठेवलाय, महिन्याच्या कागदासारखा फाडावा लागत नाही.

शेतात हीच पाटी जास्त कामाची. आपला जिल्हा कपाशीचा. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात आणि रोज किती पतंग अडकले ते मोजतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग ही फवारणीचा विचार करायची पातळी. हा आकडा बहुतेकांना माहीत असतो, अडतं ते नोंदीपाशी. फोन चिखलाच्या हाताने उघडत नाही, वही भिजते. एक कार्ड करा: डावीकडे सापळ्यांचे नंबर, वर आठवड्याचे सात वार, खाली ठळक अक्षरांत ८ चा आकडा आणि बाजूला अळीचा स्पष्ट फोटो. भोक पाडायची जागा कागदाच्या बाहेर, नुसत्या प्लास्टिकच्या कडेत ठेवा आणि सुतळीने कार्ड बांध्यावरच्या झोपडीत टांगा. पावसात व्हाइटबोर्ड मार्कर पुसला जातो, म्हणून इथे पर्मनंट मार्कर वापरा. आठवड्याने सॅनिटायझरच्या बोळ्याने तो साफ निघतो, आधी कार्डाचा फोटो तेवढा काढून घ्या. फवारणी कोणती आणि किती, हे सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारून त्याच कार्डाच्या मागे १५ लिटरच्या पंपाला किती मिली हे छापता येतं. डब्यावरची बारीक अक्षरं शेतात कोण वाचतं?

पाण्यातल्या वापराची मेख कडेत आहे. लॅमिनेट झाल्यावर कागदाच्या अगदी रेषेत कापलं की छान दिसतं, आणि पहिल्याच पावसात त्याच कडेतून पाणी आत शिरतं. कागद पाणी शोषतो, पाऊच फुगतो, बुरशी धरते. कागदाच्या चारी बाजूंना किमान ३ मिलिमीटर नुसतं प्लास्टिक राहायलाच हवं. एका पाऊचमध्ये चार कार्डं करायची असतील तर आधी कागद कापा, मध्ये जागा सोडून मांडा, मग लॅमिनेट करा. कोपरे गोल करा, नाहीतर खिशाला आणि बोटाला टोचतात.

दुकान किंवा चहाची टपरी असणाऱ्यांसाठी यूपीआयचा क्यूआर. चकचकीत पाऊचवर उन्हाची तिरीप पडली की गिऱ्हाईक फोन वाकडातिकडा करत बसतं, त्यासाठी मॅट पाऊच घ्या. क्यूआरमध्ये चूक सुधारण्याची सोय असते, सगळ्यात वरच्या पातळीवर ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी तो वाचला जातो. पण कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन झाकले गेले तर नाही. उन्हात लावणार असाल तर लेझर प्रिंट घ्या. साध्या इंकजेटची शाई काही महिन्यांत उडते, वरचं प्लास्टिक काही ती वाचवत नाही. आणि रोज सकाळी बोट फिरवून बघा, कुणी आपल्यावर दुसऱ्याच खात्याचा स्टिकर तर चिकटवला नाही ना.

खिशातलं वैद्यकीय कार्ड करायला दहा मिनिटं लागतात. रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं, घरचे दोन नंबर. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे, घरात कुणाला असेल तर सिकलसेल कार्डाची रंगीत झेरॉक्स लॅमिनेट करून पाकिटात ठेवा, मूळ कार्ड घरी. फोनची बॅटरी संपलेली असते तेव्हाच हे कार्ड लागतं. एटीएम कार्डाचं माप ८५.६ बाय ५४ मिलिमीटर, त्यापेक्षा प्लास्टिकची कड धरूनही मोठं झालं तर पाकिटात बसत नाही, म्हणून आतला कागद ७८ बाय ४६ च्या आसपास कापा.

लहान भावंडं घरात असतील तर पानं आणि फुलं. ताजं पान घालू नका, आतल्या पाण्याची वाफ होऊन फोड येतात आणि रोलरही खराब होतो. वर्तमानपत्रात दाबून, वर जाड पुस्तकं ठेवून आठ-दहा दिवस वाळवा. पळसाच्या पाकळ्या, कपाशीचं पान, आपट्याचं पान फार सुंदर येतात. शिरा जाड असलेली पानं टाळा, तिथे हवा अडकते. बोर धरणावर किंवा बोर व्याघ्र प्रकल्पाकडे जाणाऱ्यांनी स्वतः काढलेल्या पक्ष्यांच्या फोटोंची कार्डं करून बघा. तिथे सगळीकडे रेंज मिळतेच असं नाही, आणि मुलं ॲपपेक्षा कार्ड जास्त हाताळतात.

हॉस्टेलवाल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांसाठी एक वेगळाच उपयोग. सर्किटची उलटी प्रतिमा लेझर प्रिंटरने गुळगुळीत कागदावर छापा, घासून स्वच्छ केलेल्या तांब्याच्या बोर्डावर ठेवा आणि मशीनमधून सात-आठ वेळा काढा. टोनर म्हणजे प्लास्टिकची भुकटी, ती वितळून तांब्याला चिकटते. पाण्यात भिजवून कागद काढला की फेरिक क्लोराईडमध्ये टाकायला बोर्ड तयार. इस्त्रीपेक्षा दाब सगळीकडे सारखा पडतो, रेघा फाटत नाहीत. अडचण जाडीची. नेहमीचा बोर्ड १.६ मिलिमीटरचा असतो आणि स्वस्त मशीनचे गिअर तेवढ्याने तुटू शकतात. ०.८ किंवा त्याहून पातळ बोर्ड घ्या, आणि मशीन स्वतःची असेल तरच करा, रूममेटची नको.

टोनरचाच आणखी एक खेळ म्हणजे सोनेरी अक्षरं. लेझर प्रिंटरवर काळ्या रंगात नाव छापा, त्यावर टोनर फॉईल रंगीत बाजू वर ठेवून पसरा, दुमडलेल्या साध्या कागदात घालून मशीनमधून काढा. गार झाल्यावर फॉईल हळूच ओढा. काळं होतं तेवढंच सोनेरी होतं, बाकी कागद कोरा. इंकजेट प्रिंटवर हे होत नाही. साखरपुड्याची वीस-पंचवीस आमंत्रणं, घराची पाटी, बक्षिसाची प्रमाणपत्रं यासाठी मस्त. दोनशे पत्रिकांसाठी मात्र प्रेसमध्येच जा, घरी बसून तेवढी फॉईल सोलायला अख्खा रविवार जातो.

मशीन वापरताना एवढं बघा. हिरवा दिवा लागेपर्यंत, म्हणजे चार-पाच मिनिटं, थांबा. पाऊचची बंद बाजू आधी आत घाला, नाहीतर उघड्या तोंडाने पत्रे वेगळे होऊन रोलरभोवती गुंडाळतात. पाऊच कापून लहान करून घालू नका, गोंद कडेने बाहेर येऊन रोलरला लागतो. बाहेर आलेला कागद लगेच सपाट पुस्तकाखाली ठेवा, गरम असताना हातात धरला तर वाकतो तसाच राहतो. अडकलाच तर ओढाताण न करता मागचा किंवा बाजूचा रिलीज खटका दाबा आणि सावकाश मागे खेचा. काम संपलं की एक साधा जाड कागद दोनदा फिरवा, रोलरवरचा चिकटा त्याला लागून येतो.

पहिल्या दिवशी फाईल बाहेर निघेलच. त्यातून गाडीच्या विम्याची प्रिंट, डाउनलोड केलेलं आधार आणि लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स बाजूला काढा आणि बाकी फाईल कपाटात परत ठेवा.